छोट्या होडीसाठी डिझेल इंजिन : निवड आणि निगा

(खाडीकाठच्या बागायतदारांच्या प्रशिक्षण वर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी डिझेल इंजिन आहे किंवा एके काळी होते. विहिरीवरचे पाच अश्वशक्तीचे इंजिन, त्याची डिकॉम्प्रेशनची कळ उचलायची, हँडलने चाक जोरात फिरवायचे आणि वेग आला की कळ सोडायची, हे आपल्या हाताला ठाऊक आहे. त्यामुळे आंबा-नारळाच्या बागेला जोडून ज्यांनी निवास-न्याहारीची सोय सुरू केली आणि आता पाहुण्यांना खाडीत फिरवण्यासाठी होडी घ्यायचे ठरवले, त्यांच्या मनात पहिला विचार हाच येतो की विहिरीवरचे इंजिन उचलून होडीत बसवावे. कोकण किनाऱ्यावर असे अनेकांनी केले आहे आणि त्यातल्या काही होड्या चालतातही.

पण विहिरीवरचे इंजिन बंद पडले तर पाण्याची पाळी उद्यावर जाते, एवढेच. होडीचे इंजिन खाडीच्या तोंडाशी बंद पडले तर ओहोटीची ओढ होडीला बाहेर नेते, समोर वाळूच्या दांड्यावर लाटा फुटत असतात आणि होडीत दहा-बारा माणसे बसलेली असतात. म्हणून होडीच्या इंजिनाकडे वेगळ्या नजरेने पाहावे लागते. डिझेल इंजिन म्हातारे होऊन मेल्याचे होडीवर क्वचितच दिसते. ते मरते ते खाऱ्या पाण्याने, डिझेलात शिरलेल्या पाण्याने आणि न जुळणाऱ्या पंख्याने. या तिन्ही गोष्टी मालकाच्या हातातल्या आहेत.

अश्वशक्ती किती हवी?

खरेदीला जाताना सर्वात जास्त फसगत इथे होते. शेजाऱ्याने वीसचे घेतले म्हणून आपण तीसचे घ्यायचे, असा प्रकार चालतो. पाण्याचा नियम मात्र ठरलेला आहे. जड, गोल तळाची होडी पुढे सरकते तेव्हा तिच्या पुढच्या टोकाशी एक लाट उठते आणि मागे दुसरी. वेग वाढेल तसे या दोन लाटांमधले अंतर वाढते. ते अंतर होडीच्या लांबीइतके झाले की होडी दोन लाटांमधल्या खळग्यात बसते. त्याहून जास्त वेग हवा असेल तर तिला स्वतःच केलेल्या लाटेवर चढावे लागते आणि त्यासाठी लागणारी शक्ती एकदम भरमसाट वाढते.

हा वेग काढण्याचा हिशेब सोपा आहे. होडीची पाण्यालगतची लांबी फुटांत मोजावी, तिचे वर्गमूळ काढावे आणि १.३४ ने गुणावे. उत्तर नॉटमध्ये, म्हणजे ताशी सागरी मैलांत येते. २५ फुटांच्या होडीचे वर्गमूळ ५, म्हणून वेग ६.७ नॉट, म्हणजे ताशी सुमारे साडेबारा किलोमीटर. १६ फुटांच्या होडीला जेमतेम दहा किलोमीटर. इंजिन तिप्पट मोठे लावले तरी यात फारसा फरक पडत नाही. फक्त मागे पाणी जास्त घुसळले जाते आणि काठावरची माती ढासळते.

हा वेग गाठण्यासाठी होडीच्या माणसांसह एकूण वजनाच्या दर टनामागे साधारण ४ ते ५ अश्वशक्ती पुरते. आपली २५ फुटी होडी माणसे, डिझेल, नांगर धरून तीन टनांची असेल तर १२ ते १५ अश्वशक्ती पुरेशी. समोरचा वारा आणि तळाला धरलेले शेवाळ यांसाठी थोडे जास्त धरावे, म्हणजे १८. त्यापुढचा पैसा वाया. मात्र पत्रकावरची अश्वशक्ती वाचताना ती सतत चालवण्याची आहे की तासभरापुरती, हे विक्रेत्याला विचारून घ्यावे. दोन आकड्यांत बराच फरक असतो आणि मोठ्या अक्षरात कोणता छापतात ते सांगायला नको.

मोठे इंजिन घेऊन हळू चालवू, म्हणजे ते जास्त टिकेल, असे काहीजण म्हणतात. डिझेल इंजिनाच्या बाबतीत हे उलटे आहे. कमी भारावर तासन्‌तास चालणारे इंजिन नीट तापत नाही. डिझेल पूर्ण जळत नाही, नोझलच्या टोकाला काजळी धरते, सिलिंडरच्या आतल्या बाजूला काचेसारखा गुळगुळीत थर चढतो आणि मग रिंगा धरत नाहीत व तेल जळू लागते. होडी नांगरून बॅटरी भरण्यासाठी इंजिन दोन-दोन तास मंद गतीने चालू ठेवणे हेदेखील त्याच कारणाने वाईट. इंजिनाला काम हवे असते. आपल्या नेहमीच्या वेगाला ते निम्म्याहून जास्त भारावर चालेल, असे निवडावे.

डिझेलचा हिशेबही याच नियमाने सुटतो. चांगल्या स्थितीतले छोटे इंजिन दर अश्वशक्तीमागे तासाला साधारण पाव लिटर डिझेल घेते. वेग दहा टक्क्यांनी कमी केला तर लागणारी शक्ती सुमारे सव्वीस-सत्तावीस टक्क्यांनी घटते, कारण ती वेगाच्या घनाप्रमाणे बदलते. आपल्या २५ फुटी होडीला ६.७ नॉटला तासाला तीन लिटर लागत असतील, तर साडेपाच नॉटला पावणेदोन लिटरच्या आसपास पुरतील. पाहुणे मगरी आणि पक्षी बघायला आलेले असतात. त्यांना घाई नसते.

विहिरीवरचे आणि होडीवरचे

आता शेतावरच्या इंजिनात आणि होडीच्या इंजिनात नेमका फरक काय, ते पाहू. शेतावरचे इंजिन सपाट जागी, एकाच गतीने चालण्यासाठी बनवलेले असते. होडीत ते तिरके बसते, शिवाय लाटेबरोबर हलते. तेलाच्या टाकीतले तेल एका बाजूला गेले आणि पंपाने हवा ओढली तर बेअरिंग काही मिनिटांत जळते. म्हणून किती अंशांपर्यंत तिरके चालेल, हे उत्पादकाच्या पुस्तकात पाहावे. बहुतेक ठिकाणी पंधरा अंशांच्या आतच बसवावे लागते.

दुसरी गोष्ट पंख्याच्या रेट्याची. पंखा पाणी मागे ढकलतो आणि शाफ्ट होडीला पुढे ढकलतो. हा रेटा गिअरपेटीतल्या बेअरिंगने घ्यायचा असतो. पंखा सरळ इंजिनाच्या क्रँकला जोडला तर रेटा क्रँकवर येतो आणि ती त्यासाठी बनवलेली नसते. शिवाय गिअरपेटी नसेल तर होडी मागे घेता येत नाही आणि धक्क्याला लागताना थांबवताही येत नाही. प्रवासी बसवायचे असतील तर मागे जाण्याचा गिअर हवाच, याबाबत माझे मत पक्के आहे.

हाताने सुरू होणारे एक किंवा दोन सिलिंडरचे इंजिन मिळत असेल तर छोट्या होडीला ते उत्तम. बॅटरी उतरली तरी माणूस घरी येतो. पेट्रोलचे बाहेर टांगायचे यंत्र हलके असते, पण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, होडीच्या तळात साचते आणि एका ठिणगीने स्फोट होतो. डिझेलला हा धोका खूपच कमी. दोन-तीन किलोमीटरच्या शांत फेऱ्यांसाठी विजेवर चालणारी होडी हाही आता विचारात घ्यावा असा पर्याय आहे. केरळात वैक्कम येथे २०१७ पासून सौर विजेवरची प्रवासी बोट चालू झाली. पण खाडीच्या तोंडाबाहेर जायचे असेल तर अजून तरी मी डिझेलच सुचवीन.

पंखा जुळतो का?

पंखा आणि इंजिन यांचे लग्न जुळवताना व्यास आणि पिच हे दोन आकडे पाहतात. पिच म्हणजे एका फेऱ्यात पंखा किती इंच पुढे सरकायला हवा ते माप. मोठा व्यास आणि मंद गती असा पंखा जड होडीला जास्त रेटा देतो, म्हणून दोनास एक किंवा तीनास एक कपातीची गिअरपेटी घ्यावी.

जुळले की नाही ते पाहण्याची परीक्षा सोपी आहे. होडी भरून, स्वच्छ तळाने, शांत पाण्यात पूर्ण रेस द्यावी. इंजिनाने पत्रकावर दिलेले पूर्ण फेरे गाठले पाहिजेत. फेरे कमी पडले आणि काळा धूर आला तर पंखा जड आहे. असे इंजिन म्हणजे कायम चढावर ओढणारा बैल. फेरे सहज ओलांडले तर पंखा हलका. एक इंच पिच कमी केल्यास छोट्या इंजिनाचे साधारण दीडशे ते दोनशे फेरे वाढतात. आधी चांगले चालणारे इंजिन काही महिन्यांनी काळा धूर ओकू लागले तर मेकॅनिककडे जाण्यापूर्वी होडीखाली उतरून पाहावे. तळाला आणि पंख्याला शेवाळ, बारीक शिंपले धरलेले असतात, तेच बहुधा कारण असते. दुसरे कारण पेटीत कोंडलेली हवा. इंजिनावरचे झाकण उघडल्यावर धूर कमी झाला आणि फेरे वाढले, तर पेटीला हवेसाठी मोठी भोके ठेवावीत.

शाफ्ट आणि गिअरपेटी एका रेषेत आहेत का, हे होडी पाण्यात एक-दोन दिवस राहिल्यावर तपासावे. जमिनीवर टेकू दिलेल्या लाकडी होडीचा आकार आणि पाण्यात तरंगणाऱ्या होडीचा आकार एक नसतो. कपलिंगच्या दोन चकत्यांमधली फट चारी बाजूंना सारखी हवी. चकतीच्या व्यासाच्या दर इंचामागे एक हजारांश इंचाहून जास्त फरक चालत नाही.

शाफ्ट जिथून बाहेर जातो तिथली ग्लँड तुम्हाला नवी नाही. सेंट्रिफ्युगल पंपाला असते तीच. दोरीही तीच, आणि नियमही तोच. चालू असताना मिनिटाला काही थेंब गळले पाहिजेत. पूर्ण कोरडी होईपर्यंत आवळली तर शाफ्टला चर पडतात.

खारे पाणी

इंजिन थंड करण्याच्या तीन पद्धती आहेत. पहिली, समुद्राचे पाणी सरळ इंजिनात फिरवणे. ही सर्वात स्वस्त. पण साठ अंशांच्या वर खाऱ्या पाण्यातले क्षार भिंतींवर बसू लागतात, म्हणून असे इंजिन पंचावन्न-साठ अंशांवरच चालवावे लागते. डिझेल इंजिनाला ऐंशीच्या पुढे बरे वाटते. थंड चालल्याने तेलात चिखल होतो, झीज वाढते आणि आतून गंज चालूच राहतो. विहिरीवरचे इंजिन होडीत बसवणारे बहुतेकजण ही पद्धत वापरतात आणि दोन-चार वर्षांत जॅकेट फुटले म्हणून तक्रार करतात.

दुसऱ्या पद्धतीत इंजिनात गोडे पाणी व कूलंट फिरते आणि ते एका नळकांड्यात बाहेरच्या खाऱ्या पाण्याने थंड केले जाते. तिसऱ्या पद्धतीत गोड्या पाण्याची नळी होडीच्या तळाखालून फिरवून आणतात, म्हणजे खारे पाणी आत घेण्याची गरजच राहत नाही. आपल्या खाड्यांत गाळ फार. पावसानंतर पाणी तांबडे होते, प्लास्टिकच्या पिशव्या तरंगतात. अशा ठिकाणी मी तिसरी पद्धत पसंत करतो. मात्र नळी खडकावर आपटणार नाही असे संरक्षण हवे, आणि धुराच्या नळीत पाणी नसल्याने ती तापते, तेव्हा तिच्याभोवती उष्णतारोधक पट्टी गुंडाळावी.

दुसरी पद्धत असेल तर खाऱ्या पाण्याच्या पंपातला रबरी इंपेलर हा तुमच्या होडीचा सर्वात स्वस्त आणि सर्वात महत्त्वाचा भाग समजावा. तो कोरडा फिरला तर एखाद्या मिनिटात त्याच्या पाकळ्या तुटतात. दर हंगामाला बदलावा, एक नवा नेहमी होडीत ठेवावा. तुटलेल्या पाकळ्यांचे तुकडे मोजून बाहेर काढावेत, नाहीतर ते पुढच्या नळीत अडकतात. इंजिन सुरू केल्यावर पहिले काम म्हणजे मागे वाकून धुराबरोबर पाणी पडते का ते पाहणे. ज्यांच्या इंजिनाच्या धुराच्या नळीत असे पाणी सोडलेले असते, त्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे. इंजिन सुरू होत नाही म्हणून सारखा स्टार्टर मारत राहिले तर पंप पाणी ओढतच राहतो, धूर नसल्याने ते बाहेर फेकले जात नाही, सायलेन्सर भरतो आणि पाणी उलटे सिलिंडरमध्ये शिरते. तीन-चार प्रयत्नांत सुरू झाले नाही तर समुद्राच्या पाण्याचा कॉक बंद करावा. सुरू होताच लगेच उघडावा.

हार्डवेअरच्या दुकानातले पितळी कॉक आणि नळजोड होडीच्या तळाला कधीही लावू नयेत. खाऱ्या पाण्यात पितळेतले जस्त निघून जाते. वस्तू दिसायला शाबूत, रंग गुलाबीसर, आणि पान्याने धरली की बिस्किटासारखी तुटते. तिथे कांस्यच हवे. याच कारणासाठी शाफ्टवर आणि थंड करण्याच्या नळकांड्यात जस्ताचे तुकडे लावतात. खारे पाणी आधी ते खाते आणि बाकीचे धातू वाचतात. ते निम्मे झिजले की बदलावेत, आणि रंगकाम करताना त्यांवर रंग लावू नये. रंगवलेले जस्त काहीच काम करत नाही.

डिझेलातले पाणी

विहिरीवरच्या इंजिनाची टाकी स्थिर असते. तिच्या तळाशी पाणी आणि घाण असली तरी ती तिथेच पडून राहते आणि इंजिन वर्षानुवर्षे चालते. होडीची टाकीही शांत खाडीत तशीच वागते. महिनोन्‌महिने काही होत नाही. मग एके दिवशी खाडीच्या तोंडाशी लाटा लागतात, टाकी घुसळली जाते, तळाचा चिखल वर येऊन फिल्टर तुंबवतो आणि इंजिन थांबते, नेमके तिथे आणि त्याच वेळी. याला नशीब म्हणतात, पण ते टाकीच्या तळाशी साचत आलेले असते.

पाणी येते कुठून? अर्धी रिकामी टाकी रात्री थंड होते, आतल्या हवेतला दमटपणा भिंतींवर थेंब होऊन उतरतो. आपल्या किनाऱ्यावरच्या हवेत याला काय तोटा! दुसरे, कॅनमधून भरताना. तिसरे, टाकीच्या झाकणाचे खराब वॉशर. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे सूक्ष्म जीव वाढतात आणि काळी, बुळबुळीत साय धरते. ती फिल्टरच्या कागदावर बसली की संपले.

उपाय सगळे स्वस्त आहेत. टाकीच्या सर्वात खालच्या जागी निचऱ्याचा कॉक बसवून घ्यावा आणि दर आठवड्याला, होडी उभी राहिल्यानंतर काही तासांनी, पेलाभर डिझेल काचेच्या बाटलीत काढावे. पाणी खाली वेगळे दिसते. इंजिनावर फिल्टर असतोच. त्याच्या आधी पारदर्शक वाटीचा, पाणी वेगळे करणारा दुसरा फिल्टर लावावा. टाकी शक्यतो भरलेली ठेवावी. हे पैसे ज्यांना जास्त वाटतात त्यांनी आपल्या होडीत किती माणसे बसतात ते मोजावे.

फिल्टर बदलल्यावर हवा काढता आली पाहिजे, आणि ती मालकाला व होडी चालवणाऱ्याला, दोघांनाही. फिल्टरवरचा हवेचा स्क्रू सैल करावा, हातपंप मारत राहावे, बुडबुडे थांबून नुसते डिझेल आले की स्क्रू आवळावा. मग इंजेक्शन पंपावरचा स्क्रू, तसेच. तरीही सुरू होत नसेल तर नोझलकडे जाणारा नट सैल करून इंजिन फिरवावे. या वेळी नोझलच्या फवाऱ्यासमोर हात नेऊ नये. त्या दाबाने डिझेल कातडीतून आत शिरते आणि बोट गमावण्याची वेळ येते. हे सारे धक्क्याला बांधलेल्या होडीत, डोळे मिटून जमेपर्यंत करून पाहावे. लाटांत पहिल्यांदा शिकता येत नाही.

तेलाबद्दल थोडक्यात. तास लिहून ठेवावेत आणि पुस्तकात दिलेल्या तासांना तेल बदलावे. काठीवरचे तेल दुधाळ दिसले तर पाणी शिरले आहे. पातळी आपोआप वाढली तर डिझेल किंवा पाणी. निळा धूर म्हणजे तेल जळते, पांढरा म्हणजे न जळलेले डिझेल किंवा पाण्याची वाफ. इंजिन चालू असताना बॅटरीचा मुख्य स्विच बंद करू नये, आल्टरनेटर जळतो.

पावसाळ्यात होडी वर काढताना

इंजिनाचे सर्वाधिक नुकसान ते बंद असताना, पावसाळ्याच्या तीन-चार महिन्यांत होते. तेव्हा होडी ओढण्याच्या गडबडीत एक दिवस इंजिनासाठी राखून ठेवावा. तेल बदलायचे ते आताच, हंगाम सुरू होताना नव्हे. वापरलेल्या तेलात आम्ल आणि ओलावा असतो आणि तो चार महिने बेअरिंगवर बसून राहतो. इंजिन तापवून तेल काढावे, नवे भरून पाच मिनिटे चालवावे. खाऱ्या पाण्याच्या वाटेत बादलीतून गोडे पाणी ओढू द्यावे, शेवटी निचरा करावा. इंपेलर काढून ठेवावा, म्हणजे पाकळ्या वाकड्या राहत नाहीत. टाकी काठोकाठ भरावी. हवेची वाट आणि धुराची नळी तेलकट फडक्याने बंद करावी, आणि फडके घातल्याची चिठ्ठी हँडलला बांधावी. आठवड्यातून एकदा डिकॉम्प्रेशनची कळ उचलून चाक हाताने फिरवावे. बॅटरी घरी आणून महिन्यातून एकदा भरावी.

जुने इंजिन विकत घेणाऱ्यांसाठी एकच सांगतो. ते थंड असताना बघायला जा. मालकाने आधीच तापवून ठेवले असेल तर चहा घ्या, गप्पा मारा, थंड होऊ द्या. थंड इंजिन कसे सुरू होते आणि पहिल्या मिनिटात कोणत्या रंगाचा धूर देते, त्यातून बरेच कळते.

बाहेर मांडवात दोन सिलिंडरचे एक इंजिन फिल्टर उघडून ठेवले आहे. चहा झाला की तिकडे जमू या. हवा काढण्याचे काम प्रत्येकाने स्वतःच्या हाताने करून पाहायचे आहे, भगिनींनीही. प्रश्न तिथेच विचारा.